तंबाखू नियंत्रणाची कार्यशाळा : एका जिल्ह्यासाठी तीन दिवसांची कृती

तंबाखू नियंत्रणाच्या प्रशिक्षणात पडद्यावर पहिलं चित्र येतं ते बहुधा काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं. महाराष्ट्रात सुरुवात तोंडापासून करायला हवी. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, ज्याला या क्षेत्रातले सगळे ‘गॅट्स’ म्हणतात, राज्यातले 26.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळले. ओढणारे 3.8 टक्के, खाणारे, चघळणारे, दातांना लावणारे 24.4 टक्के. तरीही आपल्या कार्यशाळांचं वेळापत्रक सिगारेटभोवतीच फिरत राहतं, कारण साहित्य तयार मिळतं आणि ते जिथे लिहिलं गेलं तिथे प्रश्न सिगारेटचा असतो. वेळापत्रक आकड्यांवरून ठरवा, एवढा एक नियम पाळला तरी अर्धं काम होतं.

उरलेलं अर्धं काम माणसांचं. संशोधन करणाऱ्याला कलम माहीत नसतं, कलम लावणाऱ्याला नमुना कसा निवडतात ते माहीत नसतं, आणि दोघांची गाठ पडते ती उद्घाटनाच्या मंचावर. पुढची कृती एका जिल्ह्यासाठी, साधारण तीस प्रशिक्षणार्थींसाठी आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या हातात जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवता येईल अशी एक पानाची टिपणी असावी, हे तिचं उद्दिष्ट.

आधीचा महिना

आधी एकच प्रश्न ठरवा. ‘जिल्ह्यातील तंबाखूची समस्या’ हा प्रश्न नव्हे, तो निबंधाचा विषय आहे. प्रश्न असा हवा: तालुक्याच्या गावातल्या किती शाळांभोवती तंबाखूची विक्री चालते? किंवा: ग्रामीण रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांपैकी मिश्री लावणाऱ्या किती, आणि त्यांना ते कोणी विचारतं का? किंवा: जप्त केलेल्या गुटख्याचं प्रकरण न्यायालयापर्यंत जातं का? तिन्ही मोलाचे आहेत, पण तीन दिवसांत एकच पेलतो. इथे मी शाळांचा धरून चालतो.

मग माणसं. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाच्या जिल्हा कक्षातले सल्लागार आणि समुपदेशक येतीलच. त्यांच्याबरोबर गटशिक्षणाधिकारी, उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचे पोलीस अधिकारी, नगरपरिषदेचा स्वच्छता निरीक्षक, दंतशल्यचिकित्सक, आशा सेविकांच्या गटप्रवर्तक आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र (पीएसएम) विभागातले तीन-चार संशोधक घ्या. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला विसरू नका. महाराष्ट्रात जुलै 2012 पासून गुटख्यावर जी बंदी आहे ती अन्नसुरक्षा कायद्याखालची आहे, तंबाखूच्या कायद्याखालची नव्हे. तो अधिकारी नसेल तर गुटख्याची सगळी चर्चा हवेत राहते.

निमंत्रण जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीनं जाऊ द्या आणि पत्रात पद स्पष्ट लिहा. नाहीतर ज्याच्याकडे त्या दिवशी काम नाही तो माणूस पाठवला जातो, तीन दिवस शांत बसतो, प्रमाणपत्र घेऊन जातो.

पैशाचं सुरुवातीलाच नक्की करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर भारतानं 2004 साली शिक्कामोर्तब केलं, आणि त्याचं कलम 5.3 सांगतं की तंबाखूचं धोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून दूर ठेवायचं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं 2020 मध्ये त्यासाठी अधिकाऱ्यांची आचारसंहिताही काढली. म्हणून सभागृह, जेवण, पिशव्या, पेन यांतलं काहीही तंबाखू कंपनीच्या किंवा तिच्या सामाजिक निधीच्या पैशातून घ्यायचं नाही. प्रत्येक वक्त्याकडून आणि प्रशिक्षणार्थीकडून हितसंबंधांचं निवेदन लेखी घ्या. पाच ओळींचा कागद आहे, पण तो भरताना माणूस विचार करतो, आणि तेच हवं आहे.

सामान: 30 मीटरची टेप प्रत्येक गटाला एक, कायद्याची मराठी प्रत, पावतीपुस्तकाचे आणि पंचनाम्याचे कोरे नमुने, शाळांच्या आवाराचे नकाशे. शिवाय जिल्ह्यात विकले जाणारे तंबाखूचे पदार्थ प्रत्यक्ष मांडून ठेवा: विडीचं बंडल, सिगारेटचं पाकीट, पुडीतली तंबाखू, तपकीर, मिश्रीचा डबा, आणि विदर्भात असाल तर पानठेल्यावरचा खर्रा. या टेबलाचं काम पहिल्या दिवशी पडेल.

पहिला दिवस: आकडे आणि कलमं

दार उघडल्याबरोबर पूर्वचाचणी घ्या. दहा प्रश्न, नाव नाही, फक्त संकेतांक. शाळेभोवतीचे शंभर यार्ड कुठून मोजायचे? मुख्याध्यापक दंड करू शकतात का? गॅट्सचा आकडा जिल्ह्याला लावता येतो का? उत्तरपत्रिका पाकिटात बंद करून ठेवा, उत्तरं सांगू नका. हेच प्रश्न शेवटी परत द्यायचे आहेत.

सकाळ संशोधकांची. गॅट्स 1 (2009-10) आणि गॅट्स 2 यांचे राज्याचे आकडे शेजारी मांडा: एकूण वापर 31.4 वरून 26.6 टक्के, धूम्रपान 6.6 वरून 3.8, धूरविरहित 27.6 वरून 24.4. प्रशिक्षणार्थींना विचारा, कशात किती घट झाली आणि का झाली असावी. ‘का’ला उत्तर देताना लोक मतं सांगू लागतात, तिथेच थांबवून विचारायचं, हे तुम्हाला कोणत्या आकड्यावरून कळलं? हे सर्वेक्षण राज्यापुरतं आहे, तुमच्या तालुक्याचं काही सांगत नाही, हेही इथेच स्पष्ट करा. जिल्ह्याचा अंदाज हवा तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं पाहायची.

त्यानंतर प्रश्न विचारण्याची कृती, आणि इथे घाई नको. दोघादोघांच्या जोड्या करा. एक जण विचारतो, ‘‘मावशी, तुम्ही तंबाखू खाता का?’’ दुसरी व्यक्ती मिश्री लावणाऱ्या बाईच्या भूमिकेत आहे. ती ‘‘नाही बाबा’’ म्हणते, आणि ते खरंच असतं, कारण ती खात नाही, तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू दातांना लावते. आता प्रश्न बदला: ‘‘दात कशानं घासता? दिवसातून किती वेळा? घासून झाल्यावर लगेच चूळ भरता की थोडा वेळ तोंडात ठेवता?’’ तीन साध्या प्रश्नांत वापर, वारंवारिता आणि अवलंबित्व तिन्ही उलगडतात. गॅट्समध्ये राज्यातल्या 17 टक्के बायका तंबाखू घेताना आढळल्या. वहीत ‘नाही’ लिहिलं गेलं की त्यांतली एकेक बाई समुपदेशकापासून, दंतवैद्यापासून, आकड्यांपासूनही निसटते. प्रत्येक पदार्थाचं नाव घेऊन स्वतंत्र प्रश्न विचारायचा, ही शिस्त त्यासाठी.

या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि ती तरुण संशोधकांना सांगायलाच हवी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 ग्रामस्थांची तोंडं तपासून तोंडाच्या कर्करोगाचा आणि त्याआधीच्या चट्ट्यांचा अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध केला. गावोगाव जाऊन, माणसाला समोर बसवून केलेलं ते काम आहे.

जेवणानंतर कायदा. सिगारेट आणि अन्य तंबाखूजन्य पदार्थ कायदा, 2003, बोलीभाषेत ‘कोटपा’. कलम 4 सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी, 5 जाहिरात, 6 (अ) अठरा वर्षांखालच्यांना विक्री, 6 (ब) शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांत विक्री, 7 वेष्टनावरचा इशारा. कलमं वाचून दाखवू नका, मघाचं टेबल वापरा. एकानं सिगारेटचं पाकीट उचलायचं आणि 2016 पासून बंधनकारक असलेला 85 टक्के इशारा, त्यावरचा 1800-11-2356 हा व्यसनमुक्तीचा क्रमांक शोधायचा. दुसऱ्यानं खर्रा उचलायचा: सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेला, ना नाव, ना इशारा, ना कंपनी. याला कलम 7 कसं लावणार? इथे पोलीस, अन्नसुरक्षा अधिकारी आणि संशोधक पहिल्यांदा एकमेकांशी बोलू लागतात. वाद झाला तर होऊ द्या.

दोन गोष्टी फळ्यावर ठळक लिहा. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास किंवा कलम 6 मोडल्यास दंड जास्तीत जास्त 200 रुपये. पण बालकाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 77 नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शाळेच्या दारात पुडी विकणाऱ्यावर फक्त 200 रुपयांची पावती फाडून परत येणाऱ्या पथकाला ही दुसरी ओळ पाठ हवी. धूम्रपानबंदीच्या 2008 च्या नियमांनी संस्थाप्रमुखाला आपल्या आवारात दंड करण्याचा अधिकार दिला आहे, हेही अनेकांना या खोलीतच पहिल्यांदा कळतं.

दिवस संपताना अर्धा तास समुपदेशनाला. विचारा, सल्ला द्या, तयारी जोखा, मदत करा, पुन्हा भेट ठरवा: या पाच पायऱ्या तीन मिनिटांत बसवून दाखवायच्या. प्रशिक्षणार्थींमध्येही तंबाखू घेणारे असतात. त्यांना सर्वांसमोर उभं करू नका, टोमणा मारू नका. समुपदेशकाला शेजारच्या खोलीत बसवा आणि एवढंच सांगा की संध्याकाळी सहापर्यंत कोणीही जाऊन बोलू शकतं.

दुसरा दिवस: रस्त्यावर

तिघातिघांचे गट, प्रत्येक गटाला दोन-तीन शाळा. गटात एक मोजणारा, एक लिहिणारा, एक पाहणारा. पोलीस अधिकारी आज साध्या वेशात आणि फक्त निरीक्षक म्हणून. आज दंड नाही, जप्ती नाही. हा नियम कडक आहे. ज्या टपरीवाल्यानं सकाळी ‘‘या, लिहून घ्या’’ म्हणून माहिती दिली त्याच्याकडे दुपारी त्याच माहितीवर पथक गेलं, तर पुढच्या दहा वर्षांत त्या गावात कोणी संशोधकाशी खरं बोलणार नाही. संशोधकांनी आणि कारवाईच्या पथकानं टेबलावर एकत्र बसायचं, पण टपरीच्या दारात एकत्र जायचं नाही. टिपणीत टपऱ्यांची संख्या आणि अंतरं येतील, मालकाचं नाव येणार नाही. कारवाईसाठी पथकानं आपली पाहणी स्वतंत्र करायची.

मोजणी अशी. नियमानुसार शंभर यार्ड, म्हणजे 91.44 मीटर, संस्थेच्या कुंपणभिंतीच्या बाहेरच्या कडेपासून सगळ्या दिशांना सरळ रेषेत मोजायचे. प्रत्यक्षात लोक फाटकापासून रस्त्यानं चालत मोजतात. शाळेच्या मागच्या बोळातली टपरी रस्त्यानं गेलं तर अडीचशे मीटरवर येते आणि सुटते; मागच्या भिंतीपासून सरळ मोजली तर चाळीस मीटरवर असते. म्हणून आधी नकाशावर भिंतीच्या कोपऱ्यांवर खुणा करून घ्या, भिंतीभोवती 91 मीटरची रेषा आखा, मग त्या रेषेच्या आत येणारी प्रत्येक गल्ली चाला. रेषेच्या जवळपास असलेल्या दुकानापुरतीच टेप काढा. भिंतीचा सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा, दोघांनी टेप ताठ धरून टप्प्याटप्प्यानं पुढे न्यायची, आकडा मोठ्यानं म्हणायचा, लिहिणाऱ्यानं तो परत म्हणायचा. मध्ये घर आलं तर फोनवरच्या नकाशात सरळ अंतर घ्या आणि ‘नकाशावरून’ असं शेजारी लिहा. तंबाखूमुक्त शाळेच्या निकषांत शंभर यार्डांवर पिवळी रेषा आखायची असते; ती असेल तर ती बरोबर ठिकाणी आहे का, तेही याच टेपनं कळतं.

प्रत्येक टपरीसाठी एकच पान: अंतर, कोणते पदार्थ दिसतात, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर काय टांगलंय, ‘अठरा वर्षांखालील व्यक्तीस विक्री हा दंडनीय गुन्हा’ हा फलक आहे का, जाहिरात आहे का, सुटी सिगारेट किंवा विडी मिळते का. राज्यानं सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेट-विडीची विक्री बंद केली. लटकवलेला लायटर आणि उघडं पाकीट दिसलं की उत्तर मिळतं. मुलांना गिऱ्हाईक म्हणून पाठवायचं नाही. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. या दोन गोष्टींवर कुठलीही सबब ऐकू नका.

शाळेच्या आत वेगळं पान. धूम्रपानबंदीचा फलक 60 बाय 30 सेंटिमीटरचा हवा, प्रवेशद्वारी आणि प्रत्येक मजल्यावर, आणि त्यावर तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव हवं. नाव कोरं असलेले फलक जिकडेतिकडे दिसतात. जिन्याचे कोपरे, मुताऱ्या, शिक्षकांच्या खोलीमागची भिंत पाहा: थुंकीचे डाग, फेकलेल्या पुड्या, थोटकं. पुडी ताजी आहे का मातीत मुरलेली, ते लिहा.

एक काम आवर्जून करा. गटातल्या दोघांनी पहिली शाळा एकमेकांशी न बोलता, दोन वेगळ्या पानांवर नोंदवायची. मग पानं शेजारी ठेवायची. एकानं ‘जाहिरात आहे’ लिहिलं, दुसऱ्यानं ‘नाही’, कारण टपरीच्या पत्र्यावर रंगवलेलं नाव एकाला जाहिरात वाटलं आणि दुसऱ्याला सजावट. हा फरक मिटवून व्याख्या पक्की केल्याशिवाय दुसऱ्या शाळेकडे निघू नका. ज्या सर्वेक्षणात ही पायरी गाळलेली असते त्याचा निष्कर्ष मी गांभीर्यानं घेत नाही, मग नमुना कितीही मोठा असो.

परतल्यावर नोंदी संगणकात दोघांनी स्वतंत्रपणे भरायच्या आणि ताळा करायचा. थकवा आलेला असतो, पण हे रात्रीच संपवा. उद्याची टिपणी त्यावर उभी आहे.

तिसरा दिवस: एक पान

सकाळी टिपणी लिहायला बसवा. एक पान, त्यापुढे नाही. पहिल्या परिच्छेदात काय आढळलं: किती शाळा पाहिल्या, किती शाळांभोवती विक्री, किती विक्रीस्थानं भिंतीपासून 91.44 मीटरच्या आत. दुसऱ्यात कोणतं कलम. तिसऱ्यात कोण काय करील आणि किती तारखेपर्यंत. ‘संबंधितांनी योग्य ती कार्यवाही करावी’ असं वाक्य आलं की ते खोडा आणि विचारा, संबंधित म्हणजे कोण? मुख्याधिकारी की पोलीस निरीक्षक? टपरी नगरपरिषदेच्या जागेत आहे की खाजगी? संशोधकांना त्यांचं पंधरा पानांचं विवेचन एका ओळीत आणताना त्रास होतो. अधिकाऱ्यांना आकड्याशेजारी ‘कसं मोजलं’ लिहिताना कंटाळा येतो. दोघांना ते करायला लावायचं.

दुपारी सुनावणी. एखाद्या अनुभवी निवृत्त अधिकाऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या खुर्चीत बसवा. गटाला सात मिनिटं. समोर दोन विरोधक उभे करा: एक टपरीधारकांच्या संघटनेचा, एक विडी कामगारांच्या वतीनं बोलणारा. सोलापुरात, सिन्नरमध्ये घरी बसून हजार विड्यांवर मजुरी घेणाऱ्या बायका आहेत, आणि ‘त्यांनी काय खायचं?’ हा प्रश्न धोरणाच्या प्रत्येक बैठकीत येतो. त्याला घोषणेनं उत्तर देणारा गट नापास करा. पर्यायी काम, कल्याण योजना, तंबाखूची भुकटी नाकातोंडात जाऊन होणारा त्रास, आणि या सगळ्याचा शाळेभोवतीच्या विक्रीशी नेमका किती संबंध आहे, हे वेगवेगळं मांडता आलं पाहिजे. माझ्या मते अख्ख्या कार्यशाळेत हे कौशल्य सगळ्यांत अवघड आहे आणि सगळ्यांत कमी शिकवलं जातं.

शेवटी पूर्वचाचणीचे तेच दहा प्रश्न परत द्या, संकेतांकानं जोड्या लावा, कोणता प्रश्न अजून चुकतो ते तिथेच बघा आणि तेवढा भाग पुन्हा घ्या. समारोपाची भाषणं कमी करून ही वीस मिनिटं काढता येतात.

पुढचे तीन महिने

आठवड्याच्या आत टिपणी आवक-जावक क्रमांकासह जिल्हाधिकारी कार्यालयात पोचवा आणि तंबाखू नियंत्रणाच्या जिल्हा समन्वय समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घालून घ्या. तिसाव्या दिवशी प्रत्येक प्रशिक्षणार्थीला फोन करून एकच विचारायचं: टिपणीत तुमच्या नावापुढे जे काम होतं त्याचं काय झालं? नव्वदाव्या दिवशी त्याच शाळांभोवती तेच पान घेऊन पुन्हा मोजणी करा, पण या वेळी गटांची अदलाबदल करून, म्हणजे आपणच सुचवलेल्या कामाचं यश मोजण्याचा मोह होणार नाही. हा अभ्यास प्रसिद्ध करायचा असेल तर नैतिकता समितीची मान्यता पहिल्या मोजणीच्या आधीच घेतलेली हवी. नंतर मिळत नाही.

दुसऱ्या मोजणीत ज्या शाळांभोवती काहीच बदललं नाही, त्या आधी लिहा. प्रत्येकीपुढे कारण नोंदवा: टपरी हलवली आणि परत आली, की हलवलीच नाही, की मालक बदलला. मग प्रशिक्षणार्थींपैकी दोघांना, एक संशोधक आणि एक अंमलबजावणीतला, शेजारच्या तालुक्याची कार्यशाळा घ्यायला सांगा आणि या शाळांची यादी त्यांच्या पहिल्या दिवसाच्या साहित्यात घाला.